तीन मासे तपासून तळ्याचा निकाल लागत नाही



गेल्या पावसाळ्यापासून एक गोष्ट तुम्हांला सांगायची मनात होती. घरचीच गोष्ट असल्यामुळे जरा संकोच होत होता. पण आता आमच्या आक्कानेच परवानगी दिली. ती म्हणाली, "लिही. दुसऱ्याचं तळं तरी वाचंल."

मी राहतो दिघीला. आळंदीहून माउलींची पालखी पुण्याकडे निघाली की आमच्या वेशीवरून जाते, एवढे सांगितले म्हणजे ठिकाण बहुतेकांच्या ध्यानात येईल. पूर्वी इथे ज्वारी-बाजरी व्हायची. आता चारी बाजूंनी इमारती, आणि गाव महापालिकेत. दिघी-भोसरीकडच्या पुष्कळ घरांनी इकडची जमीन गेल्यावर त्या पैशातून चाकणच्या पलीकडे खेड तालुक्यात थोडी थोडी जमीन धरली. आक्का आणि दाजींनीही भामा नदीच्या अंगाला तीन एकर घेतली. तिथे त्यांनी शेततळे केले. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, खाली प्लॅस्टिकचे अस्तर. उन्हाळ्यात कांद्याला पाणी आणि पाण्यात मासे, असा दुहेरी हिशेब.

पहिल्या वर्षी रोहू, कटला आणि सायप्रिनस सोडले. बरे निघाले. दुसऱ्या वर्षी कोणी तरी सांगितले की तिलापिया लवकर वाढतो, बाजारही आहे. खोटे नव्हते ते. भिगवणला ज्यांनी चिलापीचे जेवण केले आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको. उजनीच्या पाण्यात जी चिलापी मिळते तिच्याच कुळातला हा मासा. दाजींनी एका बीज विकणाऱ्याकडून पाच हजार बोटुकली आणली. ऑगस्टचा महिना होता. पिशव्या तळ्यात तरंगत ठेवल्या, पाणी हळूहळू मिसळले, सगळे रीतसर केले. जोडीला तीनशे रोहूही सोडले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी आक्काला काठाशी बारा मासे मेलेले दिसले. दुसऱ्या दिवशी एकतीस. मग सत्तर. मग दीडशे. हे आकडे मी अदमासाने सांगत नाही. आक्काने मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीत रोज सकाळी मोजून लिहून ठेवले होते, तारखेसकट. मेलेल्या माशांच्या अंगावर लाल चट्टे, काहींचे खवले निघालेले, काहींचे डोळे ढगाळलेले. जिवंत होते ते खाद्याला तोंड लावत नव्हते आणि काठाला येऊन सुस्त पडत होते. पंधरवड्यात तळे जवळपास रिकामे झाले.

दाजींचे म्हणणे एकच, "कारखान्याचं पाणी शिरलं." आपल्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हाच संशय आधी येणार. इंद्रायणीला आणि पवनेला मेलेल्या माशांचा खच आपण डोळ्यांनी पाहिला आहे. पण या तळ्यात पाणी विहिरीचे आणि पावसाचे, वर कारखाना नाही, ओढा नाही. मी मत्स्यव्यवसायातले एक ओळखीचे निवृत्त गृहस्थ गाठले आणि त्यांना आक्काची वही दाखवली. ते वही वाचतच राहिले. मग म्हणाले, "या बाईंनी अर्धं निदान करून ठेवलंय."

ते कसे, हे नीट वाचा, कारण यात पैसा लागत नाही. पाण्यातला प्राणवायू संपला तर मासे बहुधा एका रात्रीत मरतात. पहाटे सगळे वर येऊन तोंड उघडतात, मोठे मासे आधी जातात, आणि जात पाहून मरण येत नाही. ढगाळ हवामानात हे जास्त होते. विष आले तर माशांबरोबर बेडूक आणि पाण्यातले किडेही जातात. इथे मरण दिवसांमागून दिवस चढत गेले होते, आणि मरत होता तो फक्त तिलापिया. त्याच पाण्यातले तीनशे रोहू धडधाकट होते, बेडूक रात्रभर ओरडत होते. म्हणजे पाण्यावरचा संशय कमी झाला आणि रोगावरचा वाढला. हा रोग बिजाबरोबर आला असावा, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली.

मग त्यांनी विचारले, "नमुना कुठाय?"

नमुना कुठला? मेलेले मासे रोजच्या रोज खड्ड्यात पुरले होते. बीज विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "पाणी तुमचं खराब. माझ्या बिजात दोष असेल तर कागद दाखवा." कागद नव्हता. ते मासे नेमके कशाने मेले, हे आजतागायत आम्हांला कळलेले नाही आणि आता कळणारही नाही. बिजाचे पैसे, खाद्याचे पैसे, धाकटीच्या कॉलेजच्या फीला धरलेले पैसे, सगळे त्या खड्ड्यात.

म्हणून या वेळी माशांच्या तपासणीवर लिहितो आहे. विशेषतः तळ्याच्या काठावर उभ्या उभ्या होणाऱ्या तपासणीवर.

आधी शत्रूची ओळख. तिलापियाला मारणारा एक विषाणू आहे, त्याला तिलापिया लेक व्हायरस म्हणतात. इस्रायलच्या किन्नेरेत सरोवरात २००९ पासून तिलापिया घटू लागला, तिथल्या तळ्यांतही मर सुरू झाली, आणि २०१४ साली शास्त्रज्ञांनी हा विषाणू वेगळा काढून दाखवला. त्या तळ्यांत बरोबर असलेल्या इतर जातींच्या माशांना मात्र काही झाले नव्हते. २०१७ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने सगळ्या देशांना सावध केले. २०१८ मध्ये आपल्या देशात, पश्चिम बंगाल आणि केरळमध्ये, तो सापडल्याचे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. लहान मासे याला जास्त बळी पडतात. कुठे शंभरांतले दहा जातात, कुठे नव्वद. यावर औषध नाही. जगलेले मासे विषाणू बाळगून राहू शकतात, आणि मादीकडून पिलांत तो उतरू शकतो. आमच्या तळ्यात हाच होता असे मी म्हणत नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण लक्षणे वाचली तेव्हा अंगावर काटा आला.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हा विषाणू माणसाला होत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला तेव्हा नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले होते. पण त्याआधी आणि त्यानंतर ज्या अफवा सुटल्या, त्यांनी राज्यभर ज्यांच्या कोंबड्या ठणठणीत होत्या त्यांनाही झोपवले. मासे मेले म्हणून "चिलापी खाऊ नका" असा निरोप मोबाइलवर फिरवू नका. मेलेला मासा विकू नये, हे वेगळे.

आता तपासणी. करोनाच्या दिवसांत आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली आहे, त्यामुळे मला फार समजावून सांगावे लागणार नाही. तेव्हा दोन तपासण्या होत्या. एक पट्टीची, पंधरा मिनिटांत निकाल. दुसरी प्रयोगशाळेची आरटीपीसीआर, जिला दिवस-दोन दिवस लागत. भारतात बनलेले पहिले मान्यताप्राप्त पीसीआर किट मार्च २०२० मध्ये आपल्या पुण्याच्याच मायलॅबने काढले होते, हे सांगताना अजून बरे वाटते. माशांतही हेच दोन प्रकार आहेत, आणि या दोहोंच्या मधला आणखी एक.

पट्टीत असते काय? विषाणूला नेमके ओळखून धरणारे प्रतिपिंड. त्यांना रंगाचे बारीक कण चिकटवलेले असतात. माशाच्या कल्ल्याचा किंवा यकृताचा तुकडा दिलेल्या द्रवात कुटून त्याचे थेंब पट्टीवर टाकायचे. विषाणू असेल तर तो रंगीत कणांसकट पुढे वाहत जातो आणि एका रेघेवर अडकतो, तिथे रेघ उमटते. दुसरी रेघ पट्टी ठीक चालली की नाही हे सांगते. ही दुसरी रेघ उमटली नाही तर पट्टी वाया गेली, तो निकाल धरायचाच नाही. बायकांना गरोदरपणाच्या तपासणीची पट्टी माहीत आहे, तिचे तत्त्व हेच. उन्हात गाडीच्या डिकीत पडलेली, मुदत संपलेली पट्टी घेऊन तळ्यावर जाल तर काहीही उमटेल.

या बाबतीत कोळंबीवाले आपल्या पुढे आहेत, कारण त्यांना मार आधी बसला. १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने देशाच्या किनाऱ्यावरची कोळंबीची तळी धुऊन नेली. तेव्हापासून कोळंबीचे बीज तपासून घ्यायची रीत पडत गेली. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयाने या विषाणूसाठी रॅपिडॉट नावाचे किट काढले. त्यात काठावरच नमुना कुटून थेंब टाकायचा आणि रंगीत ठिपका येतो का ते पाहायचे. माशांच्या विषाणूंसाठी अशी पट्टी तुमच्या गावच्या कृषी सेवा केंद्रात टांगलेली दिसणार नाही. ती मागावी लागते, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावी लागते.

मधला प्रकार आहे लॅम्प नावाचा. नाव ऐकून कंदिलाची आठवण होईल, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. ही पद्धत जपानी शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केली. पीसीआरमध्ये नळीतला नमुना तापवायचा, निववायचा, पुन्हा तापवायचा, असे तीस-चाळीस वेळा करावे लागते, म्हणून यंत्र महाग. लॅम्पमध्ये साठ ते पासष्ट अंशांवर नळी तासाभर ठेवली की काम होते. गरम पाण्याची एक नीट सांभाळलेली पेटी पुरते. विषाणूचा अंश असेल तर काही किटांत नळीतला रंग गुलाबीचा पिवळा होतो. तिलापियाच्या विषाणूसाठीही शास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली आहे. पट्टीपेक्षा ही फार कमी विषाणू असतानाही ओळखते. पण हात स्वच्छ हवेत. एका नमुन्याचा अंश दुसऱ्या नळीत गेला की निरोगी मासाही रोगी ठरेल, आणि काम झाल्यावर ती नळी उघडायची नाही, नाही तर पुढचे सगळे निकाल बिघडतील. आमच्या दाजींच्या हाती मी हे काम देणार नाही. आक्काच्या देईन.

आता करोनातलीच दुसरी आठवण काढा. पट्टीवर निगेटिव्ह आलेला माणूस आरटीपीसीआरवर पॉझिटिव्ह निघे. पट्टीला विषाणू भरपूर लागतात. आजारी, सुस्त पडलेल्या माशात ते भरपूर असतात, तिथे पट्टी कामाची. वरून निरोगी दिसणाऱ्या पण आत विषाणू बाळगणाऱ्या पिलात ते थोडे असतात, तिथे पट्टी गप्प बसते. म्हणून मर लागलेल्या तळ्यावर पट्टी चालेल, पण बीज विकत घेताना निव्वळ पट्टीवर विसंबू नका. तिथे पीसीआरचा किंवा लॅम्पचा निकाल मागा.

यापेक्षाही मोठी चूक वेगळीच आहे, आणि ती आपली आपण करतो. किती मासे तपासले?

तुम्ही सोयाबीन पेरण्यापूर्वी घरी उगवण पाहता. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवता. तीन दाणे ठेवून कोणी उगवण ठरवत नाही. मग माशाला तीन का? हिशेब साधा आहे. हजारो बोटुकलींत शंभराला पाच रोगी आहेत असे धरा. तीन मासे उचललेत तर शंभरांतून ऐंशीहून जास्त वेळा तिन्ही निरोगीच हाती येतील, आणि तुम्ही खुशाल घरी जाल. निदान एक रोगी मासा हाती येईल अशी शंभरांत पंच्याण्णव खात्री हवी असेल तर साठ मासे घ्यावे लागतात. रोग शंभरात दहांना असेल तर तीस पुरतात, दोघांनाच असेल तर दीडशे लागतात. साठ मासे म्हटल्यावर दाजींनी कपाळाला हात लावला. पण पीसीआरसाठी पाच-पाच माशांचा नमुना एका नळीत एकत्र करता येतो. म्हणजे साठ माशांच्या बारा तपासण्या. पट्टीसाठी असे एकत्र करू नका, आधीच थोडे असलेले विषाणू आणखी पातळ होतात. आणि मासे निवडताना टाकीच्या मधल्या चपळ माशांत जाळी घालू नका. कडेला रेंगाळणारे, काळपट, अशक्त असेही घ्या.

मर लागल्यावर नमुना कसा ठेवायचा तेही सांगतो, कारण आम्ही तिथेच चुकलो. कालचा फुगलेला मेलेला मासा उपयोगाचा नाही. मरणाच्या वाटेवर असलेला, अजून हलणारा मासा हवा. जमले तर जिवंतच, प्राणवायू भरलेल्या पिशवीत, प्रयोगशाळेत न्यावा. नाही जमले तर यकृत, मेंदू, प्लीहा यांचे बारीक तुकडे शुद्ध अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवावेत. फॉर्मेलिनमध्ये घालू नका. त्यात ठेवलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला चालतो, पण पीसीआरला बिघडतो. बाटलीवर तारीख, तळे, माशाची जात लिहा. आणि आक्कासारखी वही ठेवा. रोजचे मेलेले, कोणत्या जातीचे, आदल्या रात्री आभाळ होते का, बीज कधी आणि कोठून आले, सगळे त्यात असू द्या. दुधाच्या डेअरीचे कार्ड आपण जपून ठेवतो, तेवढेच हे.

नमुना न्यायचा कुठे? मुंबईला वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ पासूनची. रत्नागिरीला शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे, उदगीर आणि नागपूरलाही आहेत. जुन्नर-खेडकडच्यांना नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र जवळ, तिथून वाट विचारता येईल. माशांच्या रोगांवर देशभर लक्ष ठेवण्याचा कार्यक्रम २०१३ पासून लखनौच्या संस्थेमार्फत सुरू झाला, आणि जून २०२३ मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचे मोबाइलवरचे अ‍ॅप आले. त्यातून रोगाची खबर आणि फोटो तज्ज्ञांपर्यंत पाठवता येतात. घरातल्या कॉलेजच्या मुलाला ते उघडून द्यायला सांगा. निघण्याआधी फोन करून विचारा, नाही तर बाटली घेऊन मुंबईला जाल आणि सुट्टी निघेल.

काठावरची तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच तळे उपसायला धावू नका. प्रयोगशाळेतून खातरी करून घ्या. तोवर त्या तळ्याची जाळी, बादल्या दुसऱ्या तळ्यात न्यायच्या नाहीत. त्या तळ्याचे पाणी ओढ्याला सोडायचे नाही, आणि उरलेले जिवंत मासे शेजाऱ्याला स्वस्तात द्यायचे नाहीत. हे शेवटचे फार होते. माणूस नुकसानीत असतो, चार पैसे येतील म्हणून देतो, आणि पुढच्या महिन्यात शेजारची बाई वही घेऊन बसते. मेलेले मासे चुना टाकून खोल पुरावेत. तळे रिकामे करून कडक उन्हात वाळवावे, जाळीही वाळवावी.

यंदा आक्काने पुन्हा तिलापियाच घ्यायचे ठरवले. दाजी नको म्हणत होते. ती म्हणाली, "मासा वाईट नव्हता, आपण आंधळेपणानं आणला." दोघे बीज पाहायला गेले. आधी परवाना विचारला. तपासणीचा कागद मागितला तर विकणाऱ्याने काढून दिला. आक्काने तारीख वाचली. तो कागद मागच्या वर्षीचा होता, दुसऱ्याच घाण्यातल्या बिजाचा. ती काही न बोलता उठली. दुसऱ्या केंद्रावर मालकाने साठ बोटुकली स्वतः हाताने काढू दिली. निकाल येईपर्यंत बाकीचे बीज तिथल्याच टाकीत ठेवायचे, त्या टाकीत नवे काही सोडायचे नाही, असे ठरले. बीज आल्यावरही ते थेट तळ्यात जाणार नाही. वेगळ्या टाकीत हापा बांधून तीन आठवडे ठेवायचे आहे. मागच्या वेळी मर एकोणिसाव्या दिवशी लागली होती, हे ती विसरलेली नाही.

काल मी तळ्यावर जाऊन आलो. पाणी काठोकाठ आहे, हापा धुऊन दोरीवर वाळत घातला आहे. नवी वहीही आणली आहे. पहिल्या पानावर बीज केंद्राचे नाव आणि नमुना दिल्याची तारीख लिहिली आहे, निकालाची जागा मोकळी ठेवली आहे. प्रयोगशाळेतून फोन यायला अजून दोन दिवस आहेत.